भाऊजींच्या तलावातला गाळ

गडचिरोली,
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. सौ. देवकाबाईस,

धाकटा भाऊ दिनेश याचा, तुझ्या दोन्ही पायांवर डोकं टेकवून नमस्कार. (पत्रात वाकायला कष्ट पडत नाहीत म्हणून पुरता वाकलो आहे. एरवी माझी मान आखडून बसली आहे, ती कशी आखडली ते पुढं येईलच.) तुझे गुडघे काय म्हणतात? वरोऱ्याच्या डॉक्टरनं दिलेलं तेल स्वतःला लावतेस, की शेजारणींना वाटून संपवलंस? धान लोंबीवर आलं असेल. ती मारकी म्हैस अजून फक्त तुलाच जवळ येऊ देते का? आणि भाऊजी कसे आहेत? त्यांचं ब्लडप्रेशर खाली आलं, की अजून सुकटीवर वरून मीठ भुरभुरतात? त्यांना माझा वेगळा नमस्कार सांग आणि सांगताना त्यांचा चेहरा कसा होतो ते बघून ठेव.

इकडे आम्ही ठीक आहोत. रोशनीची कंबर दुखते, आचल बारावीला आहे म्हणून घरात मोठ्यानं बोलायची बंदी आहे, आणि मी दमलो आहे. आजारी नाही, घाबरू नको, नुसता दमलो आहे. सकाळी उठतो तो दमलेलाच उठतो आणि कॉलेजात जाऊन दिवसभर बाकीच्या दमलेल्या मास्तरांमध्ये बसतो. फोन करायचा सोडून पत्र काऊन लिहितो म्हणशील. तर तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि माझा आवाज ऐकू आला की भाऊजी उठून म्हशीकडे जातात. त्या म्हशीला माझ्या फोनमुळे उगाच इतक्या वेळा पाणी पाजलं जातं की तिचीच मला काळजी वाटते. पत्राचं तसं नाही. भाऊजींच्या हाती छापलेला-लिहिलेला कागद आला की ते वाचल्याशिवाय राहत नाहीत; खताच्या पोत्यावरचा मजकूरसुद्धा ते शेवटपर्यंत वाचतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा हे पत्र आधी एकटी शेवटपर्यंत वाचून माझं अक्षर लावून घे, मग त्यांच्या समोर वाच, मोठ्यानं वाच. मधे शास्त्र येईल, ते गाळू नको. (लिहायला बसलो की माझी भाषा कॉलेजची होते. वाचताना तू गावची करून घे.)

मूळ दुखणं तुला माहीत आहेच, पण कागदावर एकदा सरळ मांडतो. तुमचं गाव वर, आपलं गाव खाली, दोन्हीकडे एकेक मामा तलाव, मालगुजारांच्या काळातला, आणि मधे नाला. त्या वर्षी तुमचा तलाव भरला, सांडव्यावरून पाणी पडलं आणि पाण्याबरोबर भाऊजींच्या मच्छीमार सोसायटीनं सोडलेलं रोहू-कतला नाल्यानं खाली आलं. आपल्या लोकांनी नाल्यात जाळी लावली आणि दोन आठवडे गावात दुसरी भाजी शिजली नाही. तुमचे लोक आले, म्हणाले मासे आमचे. आपले म्हणाले, आम्ही बोलवायला गेलो नव्हतो, ते आपणहून आले. झालं. दोन्ही गावांची बैठक होऊन ठरलं की येणं नाही, जाणं नाही, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला बोलावणं नाही. तेव्हापासून तू आणि मी चिमूरच्या बसस्टँडवर भेटतो. तू पिशवीत काहीतरी बांधून आणतेस, मी चहा सांगतो, आणि आपण दोघं वरोऱ्याची गाडी लागते का बघत उभे राहतो. मासे केव्हाच पचले, बाई. मला ह्या बसस्टँडचा फार कंटाळा आला आहे.

असो. आता माझ्या पीएचडीकडे येतो. (रोशनी त्याला 'तुमचं ते' म्हणते. 'तुमचं ते फ्रीजमधून काढा, मले दही लावायचं आहे.') मी पीएचडीला नाव घातलं तेव्हा आचल पाटी फोडत होती, आता ती मला विज्ञान शिकवते. विषय तुला दर वेळी बसस्टँडवर सांगतो आणि दर वेळी मधेच तुझी गाडी येते, म्हणून आज पुरा सांगतो. अंबाडीच्या पेंढ्या तलावाच्या कोपऱ्यात दगडाखाली दाबून ठेवतात, पाणी काळं पडतं, वास सुटतो, मग साल सुटून दोरासाठी वाख निघतो. लोक म्हणतात पाण्यानं सडलं. पाणी बिचारं काही करत नाही. सालीतले धागे एका डिंकानं एकमेकांना चिकटलेले असतात, आणि गाळातल्या जीवाणूंना तो डिंक खायचा असतो. पण डिंक म्हणजे लांबच लांब साखळी, आणि जीवाणूला ना दात ना तोंड. मग तो काय करतो, स्वतःच्या अंगातून एक अवजार बाहेर पाण्यात सोडतो. ते अवजार साखळी तोडतं, तुकडे करतं, आणि हा घरबसल्या तुकडे ओढून घेतो. त्या अवजाराला पुस्तकात विकर म्हणतात, आम्ही एन्झाइम म्हणतो. माझं सगळं आयुष्य ह्या एका एन्झाइमवर गेलं. भाऊजींना सांग, मी नुसता बसून पगार खात नाही.

हे एन्झाइम म्हणजेही एक साखळीच असते, काही शे मण्यांची. पण ती सैल पडून राहत नाही. घागरीखालची चुंबळ असते ना, तशी एक चुंबळ, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, अशी वेटोळी घेत ती उभी रचली जाते. कोणी रचत नाही, मण्यांचा क्रमच असा असतो की ती आपोआप तशी गुंडाळली जाते. त्या रचनेच्या कुशीला एक लांबट घळ असते. डिंकाची साखळी नेमकी त्या घळीत येऊन पडते, तिला जागेवर धरायला कॅल्शियम लागतं (भाऊजी तंबाखूला चुना लावतात, त्या चुन्यातलं), आणि मग घळीतल्या एका मण्याचा हात पुढं होऊन साखळीतला एक हायड्रोजन उपटून घेतो. तेवढ्यानं कडी तुटते. ही कडी आपोआप तुटायची वाट बघत बसलं तर तुझी-माझी हयात पुरणार नाही. एन्झाइमच्या घळीत ती डोळ्याचं पातं लवायच्या आत तुटते, आणि एन्झाइम स्वतः जसंच्या तसं राहून दुसऱ्या साखळीला मोकळं होतं.

आता खरी गंमत. ती घळ डिंकाच्या साखळीला तंतोतंत बसत नाही. मुद्दामच बसत नाही. काडी मोडताना ती आधी वाकते, आणि वाकलेली काडी ना धड अख्खी असते ना धड मोडलेली. एन्झाइमची घळ त्या मोडता मोडता वाकलेल्या काडीच्या मापाची असते. अख्खी साखळी आत आली की घळ तिला त्या बाकाकडे ओढते, म्हणून मोडणं सोपं जातं. आणि घळीच्या काठावर ओठासारखी एक सैल घडी आहे. साखळी आत आली की तो ओठ तिच्यावर झाकला जातो, काम झालं की उघडतो आणि तुकडे सोडून देतो. थंडीत हा ओठ आखडतो, म्हणून पुसाच्या महिन्यात अंबाडी लवकर सुटत नाही. ऊब मिळाली की मोकळा होतो. फार तापवलं तर मात्र चुंबळीच उलगडतात आणि सगळंच संपतं. माझा शोध एवढाच, की हा ओठ हलतो म्हणून काम होतं. ते दाखवायला मी त्या ओठातला एक मणी बदलून ओठ ताठ केला. तर बाई, तो साखळीला धरायला लागला पहिल्याहून घट्ट, पण सोडेना. तुकडे आतच धरून बसला आणि कामाचा वेग पार कोसळला. धरणं जितकं कामाचं, तितकंच सोडणंही कामाचं आहे, असं मी प्रबंधात लिहिलं आहे. (हे मी एन्झाइमबद्दल लिहिलं आहे. भाऊजींनी कृपया दुसरा अर्थ काढू नये.)

तर एवढं सगळं लिहून, बांधून, विद्यापीठात देऊन झालं आणि शेवटी तोंडी परीक्षेची तारीख आली. (विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. भाऊजी तिथंही अर्ज करतील.) ही परीक्षा सर्वांसमोर होते. बाहेरगावचा मोठा परीक्षक येतो, उमेदवारानं उभं राहून आपलं म्हणणं मांडायचं, परीक्षक ते खोडून काढायला बघतो, आणि सभागृहातल्या कोणालाही काहीही विचारायची मुभा असते. मी आशीर्वाद घ्यायला म्हणून गावी मनसाराम काकांना फोन केला आणि हे असंच्या असं सांगितलं. दमलेल्या आवाजात सांगितलं, ती माझी चूक. म्हाताऱ्यानं तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाला, "तू भेऊ नको. आमी येतो."

आपल्या गावची रीत तुला सांगायला नको. बैठकीत ज्याला उभं करतात, त्याच्या पाठीमागं त्याची माणसं जाऊन बसतात, आणि ज्याच्या मागं कोणी बसत नाही तो तोंड उघडायच्या आधीच हरलेला असतो. काकांनी गावभर सांगितलं की बाबुरावच्या पोराला मोठ्या साहेबांपुढं उभं करून राह्यले, काय केलं ते पोरगा धड सांगत नाही, आवाज तर पार खोल गेला आहे. त्यावर गावानं जे करायचं तेच केलं. परीक्षेच्या दिवशी विद्यापीठाच्या फाटकातून बिरजूची पिकअप आत आली आणि तिच्यातून आपलं अर्धं गाव उतरलं. काका धुतलेल्या धोतरात, बायनाबाई काकू नव्या लुगड्यात, आणि मधे एक भलं मोठं गंज, त्यात भात आणि मासळीचा रस्सा, कारण पंचांना उपाशी ठेवून निवाडा होत नसतो. रखवालदारानं विचारलं तर काका म्हणाले, आमी याच्या बाजूचे. त्यानं वऱ्हाड समजून आत सोडलं.

मी तोपर्यंत पडद्यासमोर उभा होतो. माझे मार्गदर्शक, बाहेरचे परीक्षक (पुण्याकडचे, गोरेपान, दर वाक्याला 'आपण' म्हणणारे), चार प्राध्यापक आणि वर्गात हजेरीसाठी पकडून आणलेली काही पोरं, एवढीच मंडळी असणार होती. दार उघडलं आणि गाव आत आलं. प्राध्यापकांसाठी राखून ठेवलेल्या खुर्च्या माझ्या समोर होत्या आणि पडदा माझ्या पाठीशी, म्हणून काकांनी सगळ्यांना सरळ माझ्या पाठीमागं, पडद्याखाली, जमिनीवर बसवलं. माझ्या बाजूचे ना ते! मी बोलतो आहे परीक्षकांकडे बघून, आणि मागून कोणी खोकलं, कोणी हुंकार दिला की मान वळवून बघतो आहे. मान आखडली ती तिथं. मार्गदर्शकांनी मला डोळ्यांनी विचारलं, हे कोण? मी डोळ्यांनी सांगितलं, घरचेच. त्यांनी डोळे मिटून घेतले. पहिलंच चित्र आलं ते एन्झाइमचं, निळ्या-हिरव्या पट्ट्यांच्या वेटोळ्यांचं. बायनाबाई काकूंनी ते वर मान करून नीट पाहिलं आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं हळूच विचारलं, "हे दिनेशच्या पोटातलं होय का जी? म्हनून वाळला काय पोरगा?"

कसंबसं माझं बोलून झालं. आता परीक्षकांची पाळी. त्यांनी पेन्सिल टेबलावर आपटत विचारलं की आपण दाखवलेली आकृती स्फटिकावरून काढलेली आहे, स्फटिकात सगळं जागच्या जागी गोठलेलं असतं, मग ओठ हलतो हे आपण कशाच्या बळावर म्हणता? प्रश्न रास्त होता. माझ्याकडे उत्तरही होतं. तुझ्या लग्नाचा फोटो आठव, बाई. भाऊजी त्यात असे ताठ बसले आहेत की कोणाला वाटावं हा माणूस जन्मात हलला नसेल, आणि वरातीत सगळ्यात जास्त तेच नाचले होते, फेटा सुटेपर्यंत. फोटोत नाच दिसत नाही म्हणून नाच झाला नाही असं थोडंच आहे? माझ्याकडे चार फोटो होते: रिकामी घळ, आत साखळी, ओठ अर्धा झाकलेला, पुरता झाकलेला, शिवाय ओठाला चिकटवलेल्या चमकत्या खुणेची मोजमापं होती, आणि ताठ केलेल्या ओठाचा तो हट्ट होता. हे सगळं सांगायला मी तोंड उघडणार, तोच मागून काका उठले. परीक्षकाचा आवाज चढला एवढंच त्यांना कळलं होतं. म्हणाले, "साहेब, पोरगा खोटं नाई बोलत. हलते म्हनते तं हलते." परीक्षक सभ्य माणूस. त्यांनी विचारलं, आपण स्वतः पाहिलंय का? काका म्हणाले, "मी नाई पाह्यलं. पन याच्या बापाले पाह्यलं आहे. तो बी खोटं नाई बोले."

बाई, खरं सांगतो, काकांच्या तिथंच पाया पडावं असं वाटलं आणि त्याच वेळी जमिनीनं मला पोटात घ्यावं असंही वाटलं. परीक्षक हसले. मी उत्तर दिलं, त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, पेन्सिल खाली ठेवली. सगळं पार पडलं होतं. आणि मग, केवळ त्या म्हाताऱ्या माणसांना बरं वाटावं म्हणून, त्या भल्या गृहस्थानं एक सोपा प्रश्न विचारला. हा जीवाणू आपल्याला मिळाला कुठं? माझ्या प्रबंधाच्या नावातच आपलं गाव आहे, ठळक अक्षरात, जीवाणूच्या नावाला आपल्या गावाचं आद्याक्षर जोडलेलं आहे. मी छाती फुगवून सांगितलं, माझ्या गावच्या मामा तलावातला, आणि ही सगळी त्याच गावची माणसं. टाळ्या पडाव्यात अशी जागा होती. पण मागं सगळे काकांकडे बघायला लागले. बायनाबाई काकूंनी कोपरानं काकांना ढोसलं. बैठकीत आपल्या बुडाखाली खोटं ठेवून बसायचं नसतं, ही आपली रीत. काका पुन्हा उठले.

"साहेब," म्हणाले, "तो गाळ आमच्या तलावातला नाई. त्या साली आमच्या गावात कोनी अंबाडी भिजवलीच नोती, समद्यायनं नायलॉनचे जाळे आनले होते. पोरगा एवढ्या आशेनं मांगून राह्यला, त्याले नाई कसं म्हनावं? मंग मी पहाटेस गेलो अन् गुणवंतरावच्या तलावातून बाटली भरून आनली. चोरून."

म्हणजे भाऊजींच्या तलावातून! ज्या तलावाच्या पाळीवर आपल्या माणसानं पाय ठेवायचा नाही, ज्याच्या माशांवरून सगळं रामायण झालं, त्याच तलावाच्या गाळावर माझं एन्झाइम, माझा ओठ, माझी पीएचडी, आचलचं सगळं बालपण, सगळं उभं आहे, आणि प्रबंधावर नाव खालच्या गावाचं. काकांना मी तेव्हाही ओरडलो नाही, आताही ओरडत नाही. हातात बाटली देऊन धाडलेल्या पोराला रिकामा परत कसा पाठवायचा, एवढंच त्या माणसाच्या मनात होतं. पण प्रबंधात खोटी जागा लिहिणं म्हणजे आमच्या धंद्यात मोठं पाप. मार्गदर्शकांनी कपाळाला हात लावला तो रस्सा वाढेपर्यंत काढला नाही. (रस्सा मात्र परीक्षकांनी दोनदा घेतला. पुण्याकडे काटे काढून देतात की काय कोण जाणे, त्यांना बायनाबाई काकूंनी लहान मुलासारखा एकेक काटा काढून दिला.)

जेवण झाल्यावर मला एकट्याला आत बोलावून निकाल सांगितला. परीक्षक म्हणाले, काम चोख आहे, पण ज्या तलावाचा गाळ, त्याच तलावाचं नाव प्रबंधावर यायला हवं. आणि नुसतं नाव बदलून भागायचं नाही. त्याच कोपऱ्यातून पुन्हा गाळ घ्या, तोच जीवाणू तिथं राहतो हे दाखवा, आणि ह्या वेळी गाळ चोरून नको, तलाव ज्यांचा त्यांच्या समक्ष, त्यांच्या राजीखुशीनं घ्या. तोवर पदवी नाही. आता तलाव ज्यांचा ते कोण, हे मी त्यांना काय सांगणार होतो? हो म्हणालो आणि बिरजूच्या पिकअपमध्ये मागं, रिकाम्या गंजाशेजारी बसून परत आलो. बिरजू वाटेत जिथं जिथं चहाला थांबला तिथं तिथं त्यानं ही हकिगत सांगितली, त्यामुळं ती माझ्या आधी तुमच्या गावात पोचली असणार. ऐकतो की भाऊजी पानठेल्यावर म्हणाले, मासे नेले ते नेले, आता आमचे जंतूही नेले. बाई, त्यांचं बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. आपल्या गावात वेगळंच चाललं आहे. मनसाराम काका दोन घास धड खात नाहीत. म्हणतात, बाटलीभर नेला, पोतंभर परत करतो. त्यांनी खरंच आपल्या तलावातला गाळ पोत्यात भरून ओसरीवर ठेवला आहे. बायनाबाई काकू म्हणतात, आपला गाळ त्यायच्या तलावात टाकायचा नाही. घरात दोघांचं बोलणं बंद आहे, आणि पोत्याला वास सुटला आहे.

एवढं लिहून हात दुखला. तुला सगळं कळलं नसेल तर हरकत नाही, माझ्या मार्गदर्शकांनाही सगळं कळलं आहे असं मला वाटत नाही. तू गुडघ्यांना तेल लाव. भाऊजींना मीठ कमी कर म्हणू नको, म्हटलं की जास्त घेतात. घरातल्या लहानांना माझा आशीर्वाद, आणि मारक्या म्हशीला लांबूनच.

तुझा दमलेला भाऊ,
दिनेश

ता. क. – विनंती राहिलीच. तुमच्या तलावाच्या ज्या कोपऱ्यात अंबाडी घालतात तिथला बाटलीभर गाळ मला हवा आहे, भाऊजींच्या समक्ष. ते सोसायटीचे अध्यक्ष आहेत, त्यांनी हो म्हटल्याशिवाय माझं आयुष्यभराचं काम कुजत पडणार. मी हे त्यांच्या पाया पडून मागतो आहे असं वाच. प्रबंधाच्या नावात तुमच्या गावाचं नाव घालतो, त्यांच्या तलावाचं घालतो, जीवाणूच्या नावाला तुमच्या गावाचं आद्याक्षर लावतो. आपल्या गावानं मला वाळीत टाकलं तरी चालेल.

ता. क. दुसरा – गाळ कोणाच्या हाती पाठवू नका. बसमध्ये बाटली तापते, आतले जीव मरतात. मी स्वतः घ्यायला येतो. तुमच्या मंडईच्या दिवशी आलो तर बरं पडेल, तेव्हा अंबाडी पाण्यात पडलेलीच असते. रोशनी आणि आचलही येतील, बाटली धरायला. मनसाराम काका पोतं घेऊन यायचं म्हणतात, त्यांना काय सांगू ते भाऊजींना विचारून कळव.

ता. क. तिसरा – हा खालचा तुकडा फाडून घे आणि मग पत्र भाऊजींना दे. बाई, मला गाळ नको आहे. परीक्षकांनी नुसती गावाच्या नावाची एक ओळ बदलायला सांगितली होती, ती मी त्याच दिवशी तिथंच बसून बदलली. समक्ष, राजीखुशी, पदवी अडली, हे सगळं मी माझ्या मनानं घातलं आहे. पदवी झाली, बाई. गेल्या मंगळवारी तिचं पत्रही आलं. तुला फोनवर सांगणार होतो, पण स्पीकरवर सांगायची गोष्ट नव्हती ती. मला तुझ्या घरी यायचं आहे. तुझ्या चुलीजवळ बसून जेवायचं आहे, बसस्टँडवर नाही. नुसतं 'येऊ का' विचारलं तर भाऊजी म्हशीकडे जातील, आणि तुमची बैठक आधीचीच गोष्ट पुन्हा सांगेल. पण अध्यक्षांच्या परवानगीनं शास्त्राच्या कामाला आलेल्या माणसाला ते नाही म्हणणार नाहीत. आपल्याला कोणी विचारावं, एवढंच त्यांना हवं असतं. म्हणून तू काही बोलू नको. ते विचारतील, किती गाळ लागतो. सांग, एकदम फार नाही लागत, पण दरवर्षी थोडा थोडा लागतो.